गाळा मिळाला, दुकान आलं नाही

गिरगावातल्या एका गल्लीत तीन मजली चाळीच्या तळाला, रस्त्याकडे तोंड करून पाच गाळे होते: वाणी, पिठाची गिरणी, लाँड्री, शिंपी आणि कोपऱ्यावर दूध केंद्र. 2012 च्या सुमारास चाळ रिकामी झाली, पाडली गेली आणि 2019 मध्ये तिच्या जागी टॉवर उभा राहिला. वाण्याला करारात ठरलेला गाळा मिळाला, रस्त्यालगत आणि मालकीहक्काने. त्याने दुकान पुन्हा उघडलं नाही. हे प्रकरण त्या न उघडलेल्या दुकानाचं आहे. कुटुंब आजही त्याच इमारतीत राहतं, म्हणून नावं देत नाही.

गल्लीत कुणालाही विचारा, कारण तयार असतं. मॉलने खाल्लं, ऑनलाइनने खाल्लं, नवीन पिढीला कष्ट नकोत. तिन्ही कारणं ऐकायला बरी वाटतात, पण या दुकानाच्या बाबतीत तारखा जुळत नाहीत. चाळ रिकामी होण्याच्या शेवटच्या महिन्यापर्यंत संध्याकाळी सात वाजता फळीसमोर उभं राहायला जागा नसे. मोबाइलवर बटण दाबून दहा मिनिटांत कोथिंबीर घरी येण्याचा प्रकार त्यानंतर कितीतरी वर्षांनी सुरू झाला. चालतं दुकान बंद झालं, ही खरी गोष्ट आहे. मग ते का बंद झालं, हे बघण्याआधी ते चालत कशावर होतं ते बघायला हवं.

दुकान

जागा जेमतेम दीडशे चौरस फूट. वर लाकडी पोटमाळा, त्यावर चढायला भिंतीला टेकवलेली शिडी. खाली तोंडं दुमडून ठेवलेल्या गोणी: तांदूळ, तूरडाळ, मूग, पोहे, शेंगदाणे. मागच्या भिंतीला पत्र्याचे डबे, ज्यांवर काहीही लिहिलेलं नसे आणि तरी हात चुकत नसे. छताला टांगलेल्या रिळातून दोरा खाली लोंबत असे. वर्तमानपत्राचा कागद हातावर घ्यायचा, त्यात जिन्नस ओतायचा, दोन बाजू दुमडून तिसरी आत खोचायची, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि बोटाला पीळ देऊन दोरा तोडायचा. पुडी हातातून फळीवर पडेपर्यंत पुढच्या गिऱ्हाइकाचा तराजू वर गेलेला असे. ही पुडी मी घरी करून पाहिलेली आहे. साखर सांडते.

दुकान कच्छी कुटुंबाचं. थोरले शेठ साठच्या दशकात आले, तेव्हा तोळा, छटाक, शेर नुकतेच कायद्याने हद्दपार झाले होते आणि ग्रॅम-किलो आले होते, पण चाळीतल्या बायका पुढची वीस वर्षं पावशेरच मागत राहिल्या आणि शेठ 250 ग्रॅम देत राहिले. पावशेर म्हणजे त्याहून थोडं कमी. म्हणजे बोलण्यातल्या पावशेरात गिऱ्हाइकाचा फायदाच होता, आणि हे शेठना नक्की ठाऊक असणार.

धाकटे शेठ, म्हणजे मुलगा, माझ्या आठवणीतला मुख्य माणूस. त्याचं मराठी आमच्याइतकंच गिरगावी. आजीने विचारलं, “शेठ, तूरडाळ कशी आहे?” तर उत्तर यायचं, “आजी, आजची नका घेऊ. गुरुवारी नवी गोण फोडतो.” आजी रिकाम्या हाताने परत येई आणि चार घरांत सांगे. यात चांगुलपणा होता हे मी नाकारत नाही. पण जो माणूस तीस वर्षं रोज समोरून जाणार आहे, त्याला किडकी डाळ विकणं हा धंद्याचा मूर्खपणा असतो, हेही तितकंच खरं.

वही

आता उधारीबद्दल. जुन्या दुकानांच्या आठवणी निघाल्या की पहिली पाच मिनिटं उधारीच्या वहीवर जातात आणि सगळ्यांचा सूर एकच असतो: काय माणुसकी होती! या दुकानात वह्या दोन होत्या. एक गिऱ्हाइकाकडची, पिवळ्या पुठ्ठ्याची, मराठीत लिहिलेली. दुसरी शेठकडची लाल कापडी बांधणीची चोपडी, गुजराती आकड्यांत. महिन्याचं वाणसामान यादी देऊन घ्यायचं, शेठ दोन्हीकडे मांडायचे, पगार झाला की हिशेब. दिवाळीत नवी चोपडी पूजेला बसायची, आणि त्याआधी जुनी बाकी भागवण्याची मूक अपेक्षा असायची.

पण खातं सगळ्यांना नव्हतं. ज्यांच्या घरात महापालिका, रेल्वे, गोदी, बँक, छापखाना यांपैकी कुठला तरी महिन्याचा पगार येई, त्यांना खातं. जिन्याखाली राहणारा हातगाडीवाला, चाळीत भांडी घासायला येणाऱ्या बाया, त्यांना रोख. त्या बाया रोजचं तेल रोज नेत, छोट्या बाटलीत, आणि संध्याकाळच्या गर्दीत त्यांचा नंबर यायला वेळ लागे, कारण यादीवाल्यांचं सामान आधी निघे. आमच्या वहीत ते लिहिलेलं नाही म्हणून आमच्या आठवणीतही नाही. मला ते एका बाईंनी सांगितलं, ज्यांची आई तिथे कामाला यायची. त्या त्या दुकानाबद्दल बोलताना हळव्या वगैरे झाल्या नाहीत. “तुमचा शेठ,” असंच म्हणत होत्या.

शेठची उधारी म्हणजे पतपुरवठाच होता, आणि उत्तम चालवलेला. कुणाचा नवरा संपावर आहे, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाचं गावचं घर विकलं गेलं, ही माहिती फळीवर आपोआप जमा होई. त्यावर कुणाची मर्यादा किती, हे ठरे. बुडालेली उधारी फार नसावी, कारण बुडवणाऱ्याला रोज त्याच फळीसमोरून स्टेशनला जावं लागे.

आणि आणखी एक गोष्ट दुकान चालवत होती, जी गिऱ्हाइकांना दिसत असून दिसत नव्हती: पोटमाळ्यावर झोपणारी मुलं. कच्छमधल्या गावाकडून नात्यातली मुलं यायची, दोन वेळचं जेवण आणि थोडा पगार, सकाळी साडेसहाला फळ्या काढायच्या, रात्री दहाला लावायच्या. चार-पाच वर्षांनी त्यातला एखादा डोंबिवलीला किंवा नालासोपाऱ्याला स्वतःचं दुकान टाकायचा आणि दुसरा यायचा. नव्वदनंतर ती यायची कमी झाली. गावाकडची पोरं शिकू लागली, हे त्यांच्या दृष्टीने चांगलंच झालं. शेठचा खर्च मात्र वाढला.

भाडं आणि ताबा

या प्रकरणाची चावी इथे आहे, आणि आठवणींच्या गप्पांत ती कधीच निघत नाही.

शेठ भाडेकरू होते, पागडीचे. सुरुवातीला घरमालकाला एकरकमी पागडी, त्यानंतर नाममात्र भाडं. 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली जुनी भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधली होती. नव्वदच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही असं म्हटलं, आणि 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, जो 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने वर्षाला 4 टक्के वाढ मान्य केली आणि इतकी वर्षं चोरून चालणारा पागडीचा व्यवहार कायदेशीर केला. पण 4 टक्के कशावर? मुळात तीन आकडी भाड्यावर. शेठच्या दुकानाचं महिन्याचं भाडं शेवटपर्यंत त्यांच्या एका दिवसाच्या गल्ल्यापेक्षा खूपच कमी होतं. दक्षिण मुंबईत रस्त्यालगतची जागा जवळपास फुकट मिळाल्यावर डाळ-तांदळाच्या तुटपुंज्या नफ्यावरही दुकान चालतं. बाजारभावाने भाडं द्यायचं असतं तर ते सत्तरच्या दशकातच बंद झालं असतं.

त्याच 1999 च्या कायद्यातली आणखी एक तरतूद पाहण्यासारखी आहे. बँका, सरकारी कंपन्या, आणि भरणा झालेलं भांडवल 1 कोटी किंवा त्याहून जास्त असलेल्या कंपन्या यांना त्याने भाडे नियंत्रणाच्या संरक्षणातून बाहेर काढलं. म्हणजे कमी भाड्याचा फायदा छोट्या दुकानदाराकडे राहिला आणि मोठ्या कंपनीला जुन्या जागेत टिकणं महाग झालं. गिरगाव-काळबादेवीत एकविसाव्या शतकातही शिंपी आणि वाणी तग धरून होते, त्यामागे हेही आहे.

पण कायद्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. मालकाच्या संमतीशिवाय जागा पोटभाड्याने दिली, तर भाडेकरू निष्कासित होऊ शकतो, म्हणजे त्याला जागेतून बाहेर काढता येतं. आणि ज्या कामासाठी जागा घेतली त्या कामासाठी ती सलग सहा महिने योग्य कारणाशिवाय वापरली नाही, तर तेही निष्कासनाचं कारण ठरतं. शेठला दुकान दुसऱ्याला चालवायला देऊन घरी बसता येत नव्हतं. ते बंद ठेवून हक्क राखता येत नव्हता. मार्ग दोनच: विकून टाका, ज्यात रीतीप्रमाणे पागडीतला मोठा हिस्सा मालकाला जातो, किंवा रोज सकाळी येऊन फळ्या काढा. शेठच्या मुलाने, म्हणजे धाकट्या शेठने, 1990 च्या सुमारास बी.कॉम. केलं होतं आणि त्याला एका सीएच्या ऑफिसात जागा मिळत होती. तो दुकानात बसला. आम्हाला वाटलं, वडिलांचा वारसा. त्याने स्वतः मला हसत सांगितलं, “बसलो नसतो तर जागा गेली असती.”

ज्या सातत्याला आम्ही निष्ठा समजत होतो त्यात ताबा टिकवण्याची गरज मिसळलेली होती. उघडं दुकान हीच त्यांची ताबापावती होती. यामुळे गल्लीला पन्नास वर्षं एकच दुकान, एकच चेहरा आणि एकच वही मिळाली. याला मी फसवणूक म्हणणार नाही. माणसं जिथे अडकतात तिथेच जीव लावतात, असंही होतं. पण प्रकरण समजून घ्यायचं तर हा भाग वगळून चालत नाही.

पाडकाम

ज्या कायद्याने दुकान जगवलं त्यानेच इमारत पोखरली. तीन आकडी भाड्यात कुठलाही मालक गच्चीची गळती थांबवत नाही. साठच्या दशकात मुंबईत जुन्या इमारती कोसळू लागल्यावर बेडेकर समिती नेमली गेली, 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला आणि भाडेकरूंकडून उपकर घेऊन सरकारने दुरुस्तीची जबाबदारी उचलली. अशा उपकरप्राप्त इमारती सुरुवातीला 19,642 होत्या. आमची त्यांतलीच एक. टेकू लावलेले, लोखंडी पट्ट्या मारलेल्या, जिन्याच्या लाकडाला वाळवी. 2000 नंतर ती पाडून नवी बांधणं हाच उपाय उरला होता, आणि तो करायला विकासक यायला तयार होता, कारण विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(7) खाली त्याला जादा चटई क्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, मिळते आणि त्यातून तो विक्रीचे मजले काढतो.

तेव्हा 70 टक्के भाडेकरूंची संमती लागे (आता 51 टक्के पुरते). चाळीच्या बैठका गणपतीच्या मंडपात होत. निवासी भाडेकरूला किमान 300 चौरस फूट मिळणार हे कळल्यावर सगळी चर्चा तिथेच फिरत राहिली: आमची खोली 160 ची, म्हणजे जवळजवळ दुप्पट, संडास घरात, पार्किंगचं काय, कॉर्पस (विकासकाने द्यायची एकरकमी रक्कम) किती. गाळेवाल्यांना नियमाप्रमाणे आहे तेवढंच क्षेत्र. त्यांच्याविषयी बैठकीत फारसं बोलणं झालं नाही. शेठने एकच मागितलं, रस्त्याकडचं तोंड, आणि ते मिळालं. बाकी त्यांना बांधकामाच्या काळात महिन्याचं पर्यायी भाडं मिळणार होतं, इतर सगळ्यांसारखंच.

इथे चूक कुणाचीच नव्हती आणि नुकसान इथेच झालं. पर्यायी भाडं जागेची भरपाई करतं. राहणाऱ्याला दहिसरला किंवा ठाण्याला त्या पैशांत खोली मिळते, सहा-सात वर्षांनी तो परत येतो आणि घर पुन्हा घर होतं. दुकानाची मालमत्ता म्हणजे जागा नसतेच मुळी. ती म्हणजे त्या चाळीतल्या आणि शेजारच्या दोन चाळींतल्या घरांची सवय. आणि ती घरं त्याच महिन्यात, त्याच करारामुळे, दहिसर-विरार-डोंबिवलीला पांगली. शेठने जवळच तात्पुरता गाळा शोधला असता, तरी विकायचं कुणाला? वहीतली शेवटची बाकी गोळा करायलाही त्यांना फोन करून माणसं शोधावी लागली. बहुतेकांनी पैसे आणून दिले. चोपडी मिटली.

दुकान आवरण्याच्या दिवशी मी तिथे होतो. तराजू इलेक्ट्रॉनिक कधीच आला होता, जुना पितळी होता तो मुलाने घरी नेला. पत्र्याचे डबे भंगारवाल्याने किलोवर घेतले. पोटमाळ्याची शिडी कुणालाच नको होती, ती पाडकामवाल्यांनी वापरली.

नव्या इमारतीतला हिशेब

2019 मध्ये चावी मिळाली तेव्हा धाकटे शेठ पन्नाशीच्या पुढे होते. थोरले गेले होते. मधल्या काळात धाकट्यांनी मशीद बंदरच्या एका घाऊक व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम धरलं होतं, आठवड्याला एक सुट्टी, दुपारी बसून जेवण. नोटाबंदी झाली, जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, 2018 मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. हे सगळे बदल चालत्या दुकानाने एकेक करून पचवले असते. बंद दुकानाला ते एकदम पचवायचे होते.

आणि हातात आलेला गाळा आता मालकीचा होता. तो लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे मुदतीच्या करारावर भाड्याने, द्यायला कुणाची परवानगी नको, मालकाला हिस्सा नको, बंद ठेवला तरी हक्क जात नाही. एका रक्त-लघवी तपासणीच्या लॅबने संकलन केंद्रासाठी भाडं सांगितलं. मला आकडा कळला, तो इथे सांगणार नाही, पण जुन्या दुकानाला चांगल्या महिन्यात होणाऱ्या नफ्यापेक्षा तो जास्त होता. पहाटे मशीद बंदरला जाऊन माल उचलायचा नाही, उंदीर नाहीत, उधारी नाही. वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, गुडघे दाखवून सांगितलं, “पंचवीस वर्षं मागच्या बाजूला बसून डाळ निवडलीय. तुम्हाला पाहिजे तर तुम्ही उघडा.”

मला त्यांचा निर्णय पूर्ण बरोबर वाटतो. गल्लीतल्या बऱ्याच जणांना वाटत नाही. मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली, किराणा दुकानं अत्यावश्यक म्हणून उघडी होती, आणि टॉवरमधले ज्येष्ठ लोक मुख्य रस्त्यावरच्या रांगेत मास्क लावून उभे होते. “आज शेठचं दुकान असतं तर घरी सामान आलं असतं,” हे वाक्य तेव्हा मी अनेकदा ऐकलं. ते खरंही होतं. शेठ तेव्हा सहाव्या मजल्यावर होते आणि त्यांनीही आपलं सामान रांगेत उभं राहूनच आणलं.

बाकी चार गाळ्यांचं थोडक्यात. दूध केंद्र परत आलं नाही, त्याची जागा मूळ इमारतीच्या हद्दीत मोजलीच गेली नव्हती. लाँड्री आली, पण आता कपडे बाहेर धुतले जातात, इथे फक्त इस्त्री. शिंपी बोरीवलीला गेला तो तिथेच रमला. गिरणीवाल्याला गाळा मिळाला आणि तो गिरणी लावायला तयारही होता. नव्या सोसायटीने कंपन, पीठ आणि आवाज यांवर हरकत घेतली. हरकत घेणाऱ्यांत जुन्या चाळीतलेच लोक जास्त होते, जे तिथे चाळीस वर्षं जोंधळे दळून घेत होते. वाणी नसल्यावर गहू तरी कुठून आणून दळायचे, असंही एकाने विचारलं, आणि प्रश्न बरोबर होता: गिरणी आणि वाणी एकमेकांवर चालत होते. गिरणीवाल्याने गाळा विकला.

आता पलीकडच्या चाळीचा करार चालू आहे. मेट्रो 3 चं गिरगाव स्थानक 2025 मध्ये सुरू झाल्यापासून विकासकांना घाई झालेली दिसते. त्या चाळीत खाली एक स्टेशनरीचं दुकान आणि एक जुना सायकलवाला आहे. स्टेशनरीवालीने, ज्या माझ्या मावशीच्या वर्गमैत्रीण, पर्यायी भाड्याऐवजी त्याच गल्लीत, पाडकामाच्या पत्र्याबाहेर, शाळेच्या वाटेवर एक तात्पुरती टपरी लेखी मागितली आहे. विकासकाच्या वकिलाचं म्हणणं, महापालिका पदपथावर परवानगी देणार नाही. ताईंचं म्हणणं, पदपथावर नको, तुमच्या विक्री कार्यालयाच्या मंडपात सहा फूट द्या, ते तुम्ही लावणारच आहात. सायकलवाल्याने अजून काही मागितलेलं नाही. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि तो गाळा भाड्याने दिल्यावर किती येतील हे विचारत होता.